नायलॉनची गिटार स्पीकरला जोडताना

वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत एकच वाद्य पुन्हा पुन्हा आलं: नायलॉनच्या तारांची, आतच पिकअप (तारांचा कंप विजेत बदलणारा भाग) आणि प्रीॲम्प (ती क्षीण वीज वाढवणारा भाग) बसवलेली गिटार. दुकानात तिला कुणी इलेक्ट्रो-क्लासिकल म्हणतं, कुणी सरसकट 'सेमी-अकूस्टिक'. कुणी काही म्हणो, बिल करताना मॉडेलचं पूर्ण नाव वाचा. एकाच मॉडेलची पिकअप असलेली आणि नसलेली अशी दोन रूपं असतात आणि फरक पुष्कळदा शेवटच्या एकदोन अक्षरांचाच असतो.

प्रश्न : भावगीत-गझलच्या कार्यक्रमांत बारा वर्षं स्टीलच्या तारांच्या गिटारवर साथ करतो. आता नायलॉनचा आवाज हवा आहे. पस्तीस हजारांपर्यंत खर्च करता येईल. कोणत्या कंपनीचा पिकअप असलेली गिटार घ्यावी? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : पिकअपची कंपनी शेवटी बघू. आधी खिशात स्टीलची सहा इंची पट्टी टाका. दुकानात गेल्यावर नटपाशी, म्हणजे खुंट्यांकडून येणाऱ्या तारा जिथे नेकवर उतरतात तिथे, फ्रेटबोर्डची, म्हणजे जिच्यावर तारा दाबतात त्या पट्टीची, रुंदी मोजा. तुमच्या सध्याच्या गिटारला ती ४३ मिलिमीटरच्या आसपास असेल. क्लासिकल गिटारला ५२ असते. नऊ मिलिमीटर म्हणजे ऐकायला काहीच नाही. पण अंगठा वरून आणून सहावी तार दाबायची सवय असलेल्या हाताला ते पहिल्या बार कॉर्डलाच (एका बोटाने सगळ्या तारा आडव्या दाबताना) जाणवतात आणि दोन तासांच्या कार्यक्रमात मनगट भरून येतं. शिवाय क्लासिकलचा फ्रेटबोर्ड सपाट असतो, तुमच्या गिटारचा किंचित गोलाईचा.

स्टीलवरून येणाऱ्यांसाठी म्हणूनच एक मधली जात निघाली, तिला क्रॉसओव्हर म्हणतात. नट ४८ किंवा ४६ मिमी, फ्रेटबोर्डला थोडी गोलाई, बॉडी पातळ, आणि नेक बाराव्याऐवजी चौदाव्या फ्रेटला (फ्रेट म्हणजे फ्रेटबोर्डवरची धातूची आडवी पट्टी) बॉडीला मिळतो. यामाहाच्या दोन मालिका शेजारी-शेजारी मांडीवर घेऊन बघा: एनटीएक्स ४८ मिमी आणि चौदा फ्रेट, एनसीएक्स ५२ मिमी आणि बारा फ्रेट. कॉर्डोबाची सी-५ सीई ही ५२ मिमीवाली. तुमचं काम कॉर्ड आणि मधूनमधून छोट्या जागा भरण्याचं आहे, तेव्हा ४८ घ्या. उजव्या हाताच्या चारही बोटांनी क्लासिकल पद्धतीचं वादन पुढे करायचं असेल तरच ५२ कडे वळा, कारण तिथे तारांमधलं अंतर बोटांना लागतंच.

दुसरी गोष्ट लाकूड. वरचा टॉप सॉलिड की प्लाय, हे साउंडहोलच्या, म्हणजे टॉपमधल्या गोल भोकाच्या, कडेला बोट फिरवून बघा. टॉपच्या रेषा कडेवरून आतपर्यंत सलग उतरत असतील तर सॉलिड. मध्ये वेगळ्या रंगाचा थर दिसला तर प्लाय. माइक लावून किंवा नुसत्याच हाताने वाजवायचं असेल तर सॉलिडला पर्याय नाही. मात्र नव्वद टक्के वेळा वायर जोडूनच वाजवणार असाल तर प्लायला नाक मुरडू नका: स्पीकरला जोडल्यावर ती कमी घुमते आणि पावसाळ्यात कमी रुसते.

आता पिकअप. इलेक्ट्रिक गिटारचा मॅग्नेटिक पिकअप इथे मुका असतो. नायलॉनला चुंबक कळत नाही, आणि खालच्या तीन जाड तारांवर चांदीचा मुलामा दिलेलं तांबं गुंडाळलेलं असतं, त्यालाही कळत नाही. म्हणून ब्रिजवर, म्हणजे तारा खाली जिथे बांधतात त्या लाकडी तुकड्यावर, तारा ज्या पांढऱ्या पट्टीवर टेकतात त्या सॅडलखाली पिझोची पट्टी बसवतात. तारेचा दाब बदलला की ती अगदी क्षीण वीज देते आणि बॉडीच्या कडेला बसवलेला प्रीॲम्प ती वाढवतो. म्हणजे आवाज घेतला जातो तो सॅडलखालच्या दाबाचा, लाकडाचा किंवा पेटीतल्या हवेचा नाही. जोरात छेडलं की जो प्लास्टिकसारखा 'क्वॅक' येतो तो यामुळेच. महागड्या यंत्रणेत या पिझोच्या जोडीला आत एक छोटा माइक किंवा टॉपला चिकटवलेला सेन्सर असतो आणि दोन्ही आवाजांचं प्रमाण ठरवायला एक बटण मिळतं. तुमच्या बजेटमध्ये बहुधा एकटा पिझोच येईल. बिघडत नाही, चांगला बसवलेला साधा पिझो हा वाईट बसवलेल्या जोडीपेक्षा बरा.

तो चांगला बसलाय का, हे मात्र तिथेच उभं राहून तपासावं लागतं. स्वतःची केबल घेऊन जा. दुकानदार हाताशी असेल तो इलेक्ट्रिक गिटारचा ॲम्प पुढे करेल, नको म्हणा. त्याचा स्पीकर वरचे स्वर खातो आणि पिझोचे दोष झाकतो. कीबोर्डचा ॲम्प किंवा साधा पीए स्पीकर मागा. गिटारवरची बेस, मिडल, ट्रेबल ही बटणं मधोमध ठेवा, 'रिव्हर्ब'सारखं काही चालू असेल तर बंद करा. मग अंगठ्याने सहा तारा सुट्या, एकाच जोराने, सहावीपासून पहिलीपर्यंत. हेच पाचव्या आणि बाराव्या फ्रेटवर. एखादी तार उडी मारून पुढे येत असेल किंवा बसत असेल तर दुसरी गिटार मागा; 'सेटिंगमध्ये होऊन जाईल' हे नंतर तुमच्या खर्चाने होतं. व्हॉल्यूमचं बटण टोकापासून टोकापर्यंत फिरवा, खरखर नको. जॅकमधली केबल हलकेच हलवा, आवाज तुटायला नको. शेवटी ब्रिजवर बोटाने टकटक करा. आवाज 'ठक' असा यावा, 'खर्र' असा नाही.

पट्टी खिशात परत टाकण्याआधी बाराव्या फ्रेटवर तारांची उंची मोजा. क्लासिकलला सहावी तार ४ आणि पहिली ३ मिमी हे ठीक; क्रॉसओव्हरला ३ आणि २.५ पर्यंत उतरता येतं. उंची जास्त असेल तर ब्रिजच्या वर सॅडल किती दिसतं ते बघा. दोन-तीन मिमी दिसत असेल तर घासून उतरवता येईल. उंचीही जास्त आणि सॅडलही जेमतेम डोकावतंय, अशी गिटार कितीही गोड वाजली तरी ठेवून द्या. तिच्या नेकचा कोन चुकलाय आणि तो कुणी स्वस्तात दुरुस्त करून देणार नाही.

पस्तीसच्या पस्तीस हजार गिटारवर घालवू नका. चांगली केबल, एक डीआय बॉक्स (गिटारचा आवाज लांबच्या मिक्सरपर्यंत स्वच्छ नेणारी डबी) आणि कारागिराकडून सेटिंग एवढ्याला पैसे बाजूला काढा. नाट्यगृहातल्या साउंडवाल्याकडे डीआय असतोच असं नाही, आणि स्टेजपासून मिक्सरपर्यंत साधी गिटार केबल ओढली की वाटेत पन्नास हर्ट्झची घरघर घेऊन येते.

प्रश्न : रेस्टॉरंटमध्ये संध्याकाळी बोसा नोव्हा आणि कोकणी गाणी वाजवतो, सोबत काहोन (हाताने वाजवायची लाकडी पेटी) आणि बेस गिटार. काहोन सुरू झालं की मला आवाज वाढवावा लागतो आणि गिटार घुमायला लागते. ट्रेबल कमी करून काही होत नाही. (एक वाचक, मडगाव)

उत्तर : होणार नाहीच, कारण घुमतंय ते तळाला. गिटारच्या पोटातली हवा स्वतःच्या एका ठरावीक स्वराला सर्वांत जास्त हलते. पूर्ण खोलीच्या नायलॉन गिटारला तो स्वर बहुतेक वेळा ९५ ते ११० हर्ट्झच्या दरम्यान असतो, म्हणजे सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी (९८ हर्ट्झ) ते पाचवी सुटी तार ए (११०). त्याच्या वर साधारण २०० हर्ट्झच्या आसपास टॉपच्या लाकडाचा स्वतःचा स्वर येतो. स्पीकरमधून हा स्वर बाहेर पडतो, गिटारची पेटी त्याला साथ देते, पिकअप तो पुन्हा स्पीकरला देतो, आणि चक्र सुरू होतं.

तुमच्या गिटारचा स्वर शोधायला पाच मिनिटं लागतात. वायर काढा, साउंडहोलजवळ तोंड नेऊन खालच्या सुरात 'ऊ' करत हळूहळू वर चढा. एका सुराला पेटी छातीवर थरथरते; तोच तो. आता प्रीॲम्पवर 'नॉच' असं बटण असेल तर गिटार जोडून आवाज इतकाच वाढवा की घुमणं नुकतं सुरू होईल, आणि नॉच सावकाश फिरवा. एका जागी ते गळा दाबल्यासारखं थांबेल. तिथेच सोडा. नॉच नसेल तर 'फेज'चं बटण दाबून बघा. स्पीकरपासूनच्या अंतरानुसार ते कधी जादू करतं, कधी काहीच करत नाही. जागा बदलली की पुन्हा तपासावं लागतं.

मिक्सरवर तीन गोष्टी करा. लो-कट ८० हर्ट्झला लावा. तुमची सर्वांत खालची तार ८२.४ हर्ट्झची आहे, त्याखाली फक्त स्टेजची धडधड असते. मग सापडलेल्या स्वराला अरुंद पट्ट्यात चार-पाच डेसिबल उतार द्या. आणि दीड ते अडीच किलोहर्ट्झमध्ये तीनेक डेसिबल कमी करा. याचा घुमण्याशी संबंध नाही, पण प्लास्टिकचा आवाज मऊ होतो आणि काहोनच्या चापटीशी भांडण मिटतं. बेस गिटार सोबत आहे म्हटल्यावर गिटारवरचं बेसचं बटण मध्यापेक्षा खाली असायला काहीच हरकत नाही. घरी एकट्याला जो भरदार आवाज आवडतो तो बँडमध्ये चिखल होतो.

तरीही कमी पडलं तर साउंडहोलला रबरी झाकण. घेताना भोक मोजून घ्या: क्लासिकलचं साधारण ८५ मिमी असतं, स्टीलवालीचं १०० च्या आसपास, आणि दुकानात मिळणारी बहुतेक झाकणं मोठ्या मापाची. ढिलं झाकण बोसा नोव्हाच्या मधोमध आत पडतं. आतला माइक असलेली यंत्रणा असेल तर त्याचं प्रमाण अशा जागी अगदी थोडं ठेवा किंवा शून्यावर आणा. आणि मॉनिटर स्पीकर गिटारच्या पोटाकडे तोंड करून ठेवलेला असेल तर तो आधी फिरवा; हे पहिल्यांदा लिहायला हवं होतं.

रोजच मोठ्या आवाजात वाजवायचं असेल तर पोटच नसलेली गिटार हा खरा उपाय. गिब्सनने चेट ॲटकिन्स यांच्या नावाने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जवळजवळ भरीव बॉडीची नायलॉन गिटार काढली ती यासाठीच. कॅनडाच्या गोडिन कंपनीच्या मल्टिॲक मालिकेत आज तोच विचार दिसतो, शिवाय प्रत्येक तारेला वेगळा पिकअप आणि सिंथेसायझरसाठी तेरा पिनांचा सॉकेट. हातात घेऊन वाजवाल तर आवाज जेमतेम आपल्यापुरता. स्पीकरवर मात्र ड्रम्सशेजारीसुद्धा शांत.

प्रश्न : वायर जोडली की तिसरी तार दबते. हातात वाजवताना ठीक वाटते. तारा बदलल्या, तेच. पिकअप गेला का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : पिकअप जातो तेव्हा सहसा सगळाच जातो किंवा खरखरतो. एकच तार बसते तेव्हा चोर सॅडलच्या तळाशी असतो. पिझोच्या पट्टीवर सॅडल सगळीकडे सारखं टेकलं पाहिजे. तिसऱ्या तारेखाली केसाएवढी फट राहिली तरी तिथला दाब पट्टीपर्यंत पोचत नाही.

तारा काढण्याआधी सॅडलच्या सहाव्या तारेकडच्या टोकाला पेन्सिलने खूण करा, उलटं बसलं तर स्वर बिघडतात. मग तारा ढिल्या करून सोडवा. सॅडल बोटांनी सरळ वर यायला हवं. पकडीने ओढावं लागत असेल तर तोच दोष: खाचेत अडकलेलं सॅडल खाली दबत नाही. उलट ते खाचेत डुगडुगत असेल तर तारांच्या ओढीने पुढे कलतं आणि एका कडेवर उभं राहतं. बरोबर बसलेलं सॅडल गिटार उलटी केली की स्वतःच्या वजनाने पडतं, पण सरळ असताना हलत नाही.

खाचेत टॉर्च मारा. लाकडाचा भुसा, पॉलिशचा थेंब, जुन्या डिंकाचा कण काहीही असेल तर कोरड्या मऊ ब्रशने काढा. पिकअपची पट्टी उचलू नका, तिची वायर जिथून आत जाते तिथे ती हमखास तुटते. पट्टीचं टोक त्या भोकापाशी वर उचललेलं असेल तर ते मात्र हलकेच खाली बसवा.

आता सॅडलचा तळ. जाड काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर चिकटपट्टीने लावा. तळाला पेन्सिलने आडव्या रेघा मारा, सॅडल काटकोनात उभं धरून एकाच दिशेने चार-पाच वेळा ओढा आणि बघा. रेघा जिथे शिल्लक राहिल्या तिथे खड्डा आहे. सगळ्या रेघा सारख्या जाईपर्यंत घासा आणि तिथेच थांबा. सॅडल एक मिमी कमी झालं की बाराव्या फ्रेटवर तार अर्धा मिमी उतरते, हे हिशोबात ठेवा.

मिरज तुमच्या शेजारी आहे. तिथल्या सतार-तंबोऱ्याच्या कारागिरांना जवारी लावण्याचा हात आहे, त्यांना हे काम मुळीच अवघड नाही. फक्त आधी स्पष्ट सांगा: तंबोऱ्यात सगळा जीव घोडीच्या वरच्या पाठीत असतो, इथे तो तळात आहे. वरून काही करायचं नाही.

एक शक्यता राहिली. नायलॉनची तिसरी तार सहा तारांत मुळातच थोडी मंद असते. साध्या तीन तारांत ती सर्वांत जाड, जवळपास एक मिमीची. वायर काढूनही ती तुम्हाला जराशी बोजड वाटत असेल तर फक्त तिसरी तार कार्बनची लावून बघा. कार्बन नायलॉनपेक्षा दीडपट घन, त्यामुळे त्याच सुराला तार बारीक लागते आणि आवाज उघडतो.

प्रश्न : नऊ व्होल्टची बॅटरी आठ-दहा दिवसांत संपते. प्रीॲम्पमध्ये बिघाड आहे का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : वाजवून झाल्यावर केबल गिटारमध्येच राहते का? या गिटारींना वेगळा स्विच नसतो. केबलचं टोक जॅकमध्ये गेलं की बॅटरी चालू. अल्कलाइन बॅटरीत अंदाजे ५०० मिलिॲम्पिअर-तास असतात. प्रीॲम्प ३ मिलिॲम्पिअर घेत असेल तर साधारण १६६ तास मिळतात, आणि एका आठवड्याचे तास होतात १६८. केबल काढत असूनही संपत असेल तर जॅकची आतली पाती वाकून कायम टेकलेली असू शकते; ते कुठलाही रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा बघून देईल. काही प्रीॲम्पचा ट्यूनर केबलशिवायही चालू राहतो, तोही तपासा.

मल्टिमीटरवर नवी बॅटरी साडेनऊच्या आसपास दाखवते. आठच्या खाली गेली की कार्यक्रमाला वापरू नका. संपत आलेली बॅटरी आवाज कमी करत नाही, तो फाडते, आणि माणूस स्पीकरला दोष देत बसतो. स्वस्त लाल-काळ्या झिंक बॅटऱ्या टाळा. उन्हाळ्यात त्या पाझरतात आणि डबीचे पत्रे खातात.

तुमच्याकडच्या मे महिन्यासाठी जाता जाता एक. कोरड्या हवेत फ्रेटबोर्ड आकसतो आणि फ्रेटची टोकं कडेला बोटाला टोचायला लागतात. हा इशारा समजून गिटार पेटीत ठेवा. पण कूलर चालू असलेल्या खोलीत उघडी टांगूही नका. दिवसा ओला झोत आणि कूलर बंद झाल्यावर कोरडा उकाडा, या खेचाखेचीत सॉलिड टॉपला चीर जाते. पेटीत छोटा आर्द्रतामापक ठेवा, काटा ४५ ते ५५ टक्क्यांत असला की झोपा.

प्रश्न : वडिलांची सॉलिड टॉपची जुनी क्लासिकल गिटार आहे, आवाज सुंदर. तिला पिकअप बसवून घ्यावा की जोडायला वेगळी गिटार घ्यावी? (एक वाचक, पुणे)

उत्तर : बसवा, पण बॉडीच्या कडेला चौकोनी भोक पाडून प्रीॲम्पची डबी बसवू देऊ नका. ते भोक कधीच बुजत नाही आणि प्रीॲम्प दहा वर्षांत बंद पडला की त्याच मापाचा दुसरा मिळत नाही.

दोन मार्ग आहेत. सॅडलखाली पिझो बसवायचा तर खाचेच्या टोकाला साधारण तीन मिमीचं भोक आणि मागच्या टोकाला जॅकसाठी अर्ध्या इंचाचं. सॅडल पट्टीच्या जाडीएवढं खालून घासावं लागतं, नाहीतर तारा वर चढतात. दुसरा मार्ग टॉपला आतून चिकटवायच्या सेन्सरचा. यात खाचेला हात लागत नाही आणि आवाज जास्त लाकडी येतो, पण मोठ्या आवाजात तो लवकर घुमतो. घरगुती मैफल आणि रेकॉर्डिंग असेल तर हाच. चिकटवण्याआधी दुहेरी टेपने लावून, जागा दोन-चार मिमी सरकवत ऐका. जाड आणि बारीक तारांचं पारडं त्या सरकण्यातच ठरतं.

असा सेन्सर बॅटरीशिवाय चालतो, आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. तो थेट मिक्सरच्या लाइन इनपुटला लावला की आवाज पत्र्यासारखा येतो, तळ नाहीसा होतो. मिक्सरचा इनपुट दहाएक किलोओहमचा असतो. पिझोला निदान एक मेगाओहम लागतो, म्हणजे शंभरपट. मध्ये ॲक्टिव्ह डीआय किंवा पिझोसाठीचा प्रीॲम्प घाला, तळ लगेच परत येतो. आणि घरघर ऐकू आली तर तारांना हात लावून बघू नका, इलेक्ट्रिक गिटारसारख्या या तारा अर्थला जोडलेल्या नाहीत. जॅकच्या धातूला बोट लावा. घरघर थांबली तर अर्थिंगचा प्रश्न आहे, पिकअपचा नाही.

प्रश्न : मुलगी नऊ वर्षांची, क्लासिकल गिटारच्या परीक्षा देणार आहे. पुढे उपयोग होईल म्हणून पिकअपवालीच घेऊ का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : नको. परीक्षेला वायर लागत नाही आणि दोन-तीन वर्षांत तिला मोठं माप लागेलच. तेच पैसे लहान मापाच्या, हलक्या हाताने दबणाऱ्या गिटारवर घाला. पायाखालचं फूटस्टूल विसरू नका.

प्रश्न : न्यू जर्सीहून ठाण्याला परत येतोय. तिकडे घेतलेली इलेक्ट्रो-क्लासिकल गिटार आणि छोटा ॲम्प आणायचा आहे. गिटारच्या बाजू रोझवुडच्या आहेत, विमानतळावर अडवतील का? (एक वाचक, एडिसन)

उत्तर : रोझवुडची भीती २०१७ ची आहे. त्या वर्षी जानेवारीत या जातीची बहुतेक लाकडं आंतरराष्ट्रीय नियंत्रणाच्या यादीत आली आणि गिटारवाल्यांची कागदपत्रांसाठी धावपळ झाली. नोव्हेंबर २०१९ पासून त्या यादीतल्या लाकडाच्या तयार वाद्यांना सूट मिळाली. ब्राझिलियन रोझवुड मात्र १९९२ पासून कडक यादीत आहे आणि सूट त्याला नाही. अलीकडच्या कारखानदारी गिटारला ते नसतंच, तरी बिलावर लाकडाचं नाव असलेली प्रत सोबत ठेवा.

तारा एक-दोन सुरांनी उतरवा, पूर्ण सोडू नका. सॅडल सैल होऊन आत खडखडत येईल. बॅटरी काढून वेगळी ठेवा. हेडस्टॉकच्या मागे आणि नेकच्या खाली मऊ कपडे कोंबा, कारण पेटी उभी आपटली की मोडतो तो हेडस्टॉकच.

ॲम्पच्या मागे किंवा ॲडॉप्टरवर '१००–२४०' लिहिलं असेल तर नुसता प्लग बदला. '१२०' एवढंच असेल तर आपल्या २३० च्या सॉकेटमध्ये तो एकदाच चालतो. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घेण्यापेक्षा तिकडेच विकून या. आणि घरी पोचल्यावर, विशेषतः जून ते सप्टेंबरमध्ये, पेटी निदान चार-पाच तास उघडू नका. विमानाच्या थंडीतून दमट हवेत आलेल्या लाकडावर आणि जॅकच्या आत दव धरतं.

प्रश्न : दादरच्या फ्लॅटमध्ये रात्री अकरानंतरच वेळ मिळतो. शेजारी वैतागतात. (एक वाचक, मुंबई)

उत्तर : यामाहाची एसएलजी२००एन बघा. मधला भाग भरीव, भोवती नुसती चौकट, हेडफोनला वेगळा सॉकेट, दोन पेन्सिल सेलवर चालते. नट ५० मिमी. एनडब्ल्यू या रूपात ५२. भिंतीपलीकडे बोटांची टिचकीच तेवढी जाईल. प्रवासात चौकट सुटी होते, हा वरचा फायदा. पण एवढ्यासाठी नवी गिटार घ्यायची नसेल तर ब्रिजजवळ तारांखाली फोमची पट्टी सरकवा. दमदारपणा जातो, बोटांचा रियाज होतो.

प्रश्न : माझ्या क्रॉसओव्हरला ट्रस रॉड (नेकच्या आतला धातूचा दांडा) आहे. मग स्टीलच्या तारा लावल्या तर चालतील ना? आवाज मोठा येईल. (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : ट्रस रॉड नेक सांभाळतो, ब्रिज नाही. नायलॉनच्या सहा तारांची मिळून ओढ ३८ ते ४० किलो. स्टीलच्या साध्या लाइट सेटची ७० च्या वर. तुमच्या गिटारचा टॉप पातळ, आतल्या पट्ट्या हलक्या, आणि ब्रिज फक्त सरसावर उभा आहे. रत्नागिरीच्या पावसाळ्यात तो सरस आधीच मऊ पडलेला असतो. एकदा लावून बघितल्या असतील तर आजच उतरवा आणि ब्रिजच्या मागच्या कडेखाली वहीचा कागद सरकवून बघा. कुठे आत गेला तर नायलॉनच्याही तारा ढिल्या करा आणि गिटार कारागिराकडे न्या. फेव्हिक्विक अजिबात ओतू नका. तो पिकअपच्या वायरीपर्यंत झिरपला की ब्रिज पुन्हा सरळ सोडवताच येत नाही.